पानांची पूड आणि जिभेखालची गोळी

४ जानेवारी
लेकीने जिभेखालची गोळी आजपासून बंद केली. पाठदुखीच्या गोळ्यांनी तिला पुरतं धरलं होतं, ते व्यसन सोडवायला डॉक्टरीणबाईंनी ती दिलेली. पाच महिने पोर सरळ होती, पार्सलच्या गोदामात कामाला जात होती. पण डोक्यात एकच — "बाबा, एक सोडून दुसरी धरली, मग सुटले कुठे मी?" आता कुठल्याशा पानांची पूड मागवलीय. म्हटलं, झाडपालाच तर आहे.

५ जानेवारी
पूड कडूजहर. एकटीने कशी गिळावी पोरीने? मीही अर्धा चमचा घेतला, सोबत म्हणून.

२ मार्च
एका पाकिटाने तिला काहीच होत नाही, दुसऱ्याने बसल्या जागी डुलक्या. पाकिटावर ना प्रमाण, ना बनवणाऱ्याचा पत्ता. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या मी. डब्याडब्यात छटा फिरते, हे मला कोणी सांगायला नको. मोठ्या खोलीसाठी आम्ही सगळे डबे एका बादलीत ओतून ढवळतो. तेच केलं — सहा पाकिटं एका पातेल्यात. आता चमचा न् चमचा सारखा! माझाही रोजचा अर्धा चमचा आता पूर्ण झालाय. गुडघे गप्प असतात.

७ मार्च
सकाळी लेक मोरीत पडलेली. ओठ निळे. दवाखान्यात नेली. वाचली.
एका पाकिटात भलतंच काहीतरी मिसळलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रंग ओला असतो, एकजीव होतो. कोरड्या पुडीत ते कुठे एका जागी साचेल, सांगता येत नाही." ते नेमकं तिच्या चमच्यात आलं. मीच ढवळलेल्या पुडीतून.
वर म्हणाल्या, ही पानंही शरीरात पाठदुखीच्या गोळ्यांच्याच जागी जाऊन बसतात. "जिभेखालच्या गोळीत किती औषध आहे ते मला ठाऊक असतं, एवढाच फरक. आणि तो लहान नाही."
"मग ही जन्मभर गोळीवर?"
"तुमची बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे?"
"अकरा."
"कोणी विचारलं, सुटलात कधी म्हणून?"
घरी येऊन पातेलं संडासात ओतलं. माझाही चमचा बंद.

८ मार्च
लेकीची गोळी पुन्हा सुरू. जिभेखाली धरून बसली होती, बोलता येईना. मला हातानेच खुणावलं — बसा इथे.

१० मार्च
कालपासून जांभयांवर जांभया. नाक गळतंय. पाय एका जागी ठरत नाहीत. सर्दी असेल म्हटलं. लेक उठून माझ्यापुढे आली.
"बाबा, चपला घाला. चला माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे. हे सगळं मला पाठ आहे."