तिन्ही मशिनी एका खोलीत

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. कॉलेजात यंत्रांची पूजा. लायब्ररी, ऑफिस, वसतिगृह, तिन्हीकडचे सर्व्हर शिपाई मारुतीनं उचलून माझ्या लॅबमधी आणले. एका ओळीत मांडून हळदकुंकू, झेंडू. वनस्पतीशास्त्राचे बनसोडे सर असते तर म्हणले असते, "गुरव, तीन जागी ठेवायसाठीच तर एवढा खटाटोप केला ना?" खरंय. एक मशिन मेली तरी तिच्यातला माल दुसरीत सापडावा, म्हणून आमी दोघांनी नेटवरची फुकटची, कुणीबी घेऊन वापरावी अशी उघडी सिस्टम बसवली. सरांना जाऊन वर्ष झालं. उद्या जागेवर नेऊन ठेवीन.

४ ऑक्टो.
ठेवल्या न्हाईत.

७ ऑक्टो.
प्राचार्य : "तुमचं फुकटातलं बिघडलं तर फोन कुणाला लावायचा?" त्यांना एका कंपनीची विकतची सिस्टम घ्यायचीय. कंपनीच्या सिस्टमला चोवीस तास फोन आहे. त्यांचा सेल्सवाला रोज मलाच फोन करतो. "सर, जेवलात का?" विकायसाठी विचारतो, कळतं. पण सुनंदा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तवापासून इथं दुसरं कोण विचारतंय. भाजी कोणती केली ते पण सांगतो मी त्याला.

१० ऑक्टो., शुक्र.
काल दुपारी वीज पडली. तिन्हींचं कनेक्शन एकाच बोर्डावर. तिन्ही गेल्या. बनसोडे सरांच्या तासांची रेकॉर्डिंगं त्यातच, दुसरीकडं कुठं न्हाईत. झाडांची नावं सांगता सांगता मधीच खोकायचे. तो खोकला पण गेला. मीच घालवला.
प्राचार्य चिडले न्हाईत. कंपनीचा कागद पुढं सरकवला, "सोमवारी सही करून द्या."
सेल्सवाल्याला विचारलं, जुनं निघंल का? "सर, ते आमच्यात येत नाही. नवीन बसवून देतो." जेवणाचं विचारलं न्हाय.

१२ ऑक्टो., रवि.
आपली सिस्टम ज्यांनी लिहिली, त्यांच्या फोरमवर काल सगळं टाकलं होतं. आज एकाचं उत्तर. कुठला, कोण, माहीत न्हाय. एका डिस्कची थोडी आशा आहे म्हणतो, चालू करून बघू नका. खाली एक प्रश्न : तिन्ही एकाच खोलीत का होत्या?
लिहिलं, पूजेसाठी. पुसलं. पूजा एका दिवसाची असती.
मग खरं लिहिलं. तिघींचे पंखे फिरत असले की खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. म्हणून मीच राहू दिल्या.
पाठवलं. अजून उत्तर न्हाय. सहीचा कागद टेबलावर तसाच. खोलीत कसलाच आवाज न्हाय.