खलनायकास एक दिवसाची रजा मिळणेबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
राज्य परिवहन आगार, पुसद, जि. यवतमाळ.

विषय : वाहक श्री. संघदीप भगत यांस मंदिरासमोर दिलेला शब्द परत घेण्यासाठी एक दिवसाची रजा देणेबाबत.

संदर्भ : आमच्या तांड्यावर दि. १४ मे २००६ रोजी झालेले तीन अंकी रहस्यमय नाटक ‘बनावट बियाण्याचे गूढ’.

महोदय,

ज्याची रजा त्यानेच अर्ज करावा, हे मला कळते. परंतु श्री. भगत लाजेपोटी करीत नाहीत, आणि चूक त्यांची नसून माझी आहे.

१. सदर नाटक मी लिहिले. बोगस कापूस बियाण्यापासून लोकांनी सावध राहावे, हा हेतू होता. गुन्हेगार कोण, हे शेवटपर्यंत कळू नये म्हणून अकरा महिने डोके खाजवले. श्री. भगत खलनायक होऊन प्रथम आले तोच पुढच्या रांगेतून लालीबाई ओरडल्या, "हाच होय चोर! पण पोरगा गोड हाय." रहस्य तेथेच संपले.

२. इतर पात्रांविषयी काय लिहावे? नायक खलनायकालाच चोराचा पत्ता विचारतो. नायिका पुराव्याची पिशवी त्याच्याचजवळ सांभाळायला देते. इन्स्पेक्टर अख्खा दुसरा अंक बुजगावण्याची उलटतपासणी घेतो. इन्स्पेक्टरचे काम मी केले. लिहिताना ही सर्व मंडळी मला हुशार वाटली होती. प्रेक्षक आमच्या प्रवेशांत जेवून येत आणि श्री. भगत यांचा आवाज आला की परतत.

३. तिसऱ्या अंकात खलनायक ‘लक्ष्मीधार’ नावाचे बियाणे आणून देण्याचे वचन देतो. त्याला फवारणी नको, अळी लागत नाही, पाऊस कमी पडला तरी चालते. असे बियाणे जगात नाही, फक्त माझ्या वहीत आहे. परंतु रंगमंच सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर होता. श्री. भगत अभिनयाच्या भरात मंदिराकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "पाऊस पडला की मी येतोच." आमच्या तांड्यावर मंदिराकडे तोंड करून दिलेला शब्द नाटकातला असला तरी शब्दच असतो, आणि ज्याने दिला त्यानेच तेथे येऊन परत घ्यावा लागतो. श्री. भगत परगावचे, त्यांना हे ठाऊक नव्हते. मला होते, पण मी तेव्हा पडद्यामागे मिशी चिकटवत होतो.

४. पाऊस होऊन नऊ दिवस झाले, जमिनीला पेरणीजोगा वापसा आला, आणि तरी तेवीस घरांनी कपाशीची लागवड थांबवली आहे. ते बियाणे मीच रचले, असे मी दारोदार सांगितले. तांड्याचे नाईक अमरसिंग म्हणाले, "तुले तीन अंकांत चोर सापडला नाही, अन् आता आमाले शिकवून राह्यला काय?" माझी पत्नी रुपीबाई म्हणाली, "येतेच तो. तो काही तुमच्यासारखा नाही."

५. तरी श्री. भगत यांना येत्या मंगळवारी पाठवावे. सोबतचा, नाटकात खलनायकाने घातलेला पांढरा कोट घालून यावे, गणवेशात लोक ओळखणार नाहीत. त्यांनी एवढेच म्हणावे की माझ्याजवळ बियाणे नाही, घरात आहे ते लावा. यासाठी मी एक पानी भाषण लिहिले होते, ते फाडले. माझ्या हातचे खरे कोणाला पटत नाही. आणखी आठवडा गेला तर हंगाम गेला.

६. लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो. त्या तेवीस घरांत एक माझे आहे. रुपीबाईचे नाव पुढे करतो खरे, पण कोपऱ्यातली बियाण्याची थैली मीही उघडलेली नाही. ‘लक्ष्मीधार’ खोटे आहे हे माझ्याइतके पक्के कोणाला ठाऊक असणार? तरीही फाट्यावर एस.टी. थांबली की मी पाहायला जातो. म्हणून श्री. भगत यांनी शब्द परत घेताना जरा मोठ्याने बोलावे. मी मागे उभा असेन, मलाही ऐकू गेले पाहिजे.

आपला नम्र, आणि स्वतःच्याच नाटकात सापडलेला,
घनश्याम रामसिंग आडे
सागवाडी तांडा, ता. पुसद
दि. १ जुलै २००६

सोबत :
१) नाटकाची वही (वाचलीच पाहिजे असे नाही)
२) थांबलेल्या तेवीस घरांची यादी
३) पांढरा कोट, इस्त्री केलेला. इस्त्री रुपीबाईने स्वतःहून केली आहे.