बातमीची शेवटची ओळ

अंधेरी, ४ जानेवारी २०२५
ती. प्रेमाताईस,
कुंडलिकचा सा. न. वि. वि. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. कॉलेजचा क्रीडा विभाग आणि प्रसिद्धी तीस वर्षं सांभाळून मी या महिन्यात निवृत्त होतोय. अठराला सत्कार आहे, गौरव अंकही निघतोय. त्यात मोठ्या बहिणीच्या दोन ओळी हव्यात. ‘खेळाडूंचा बाप’ असं काही लिहिलंस तर झकास. तुझ्या ऋतिकाच्या कागदाचं सत्कार झाला की बघतो.
लोभ आहेच, तो मंचावर येऊन दाखव.
तुझा, कुंडलिक

मुलुंड, ९ जानेवारी
चि. कुंडलिकास, अ. आ.
खेळाडूंचा बाप म्हणे! कवायतीच्या तासाला पोट धरून बसायचास, ते मी विसरले नाही. पाहुण्यांना हार घालायचे, फोटोत मधे घुसायचं आणि संध्याकाळच्या आत पेपरांना बातमी पोचवायची, ही तुझी कारकीर्द.
माझी नात ऋतिका तुझ्याच कॉलेजच्या संघातून राज्य स्पर्धेत खो-खो जिंकली. आता खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळतेय, तर ती संघात होती याचा पुरावा वीस तारखेच्या आत मागतात. पोरगी चारदा तुझ्या दारात येऊन गेली. बातमी लांबली की पेपरवाले खालून कापतात, हे तूच ऐटीत सांगायचास. तरी पहिल्या ओळीत प्राचार्य, दुसरीत तू आणि पोरींची नावं सगळ्यात खाली! ती कापली गेली, छापून आलास तो तू. लाज वाटते मला तुझी. आधी संघाची यादी दे, मग ओळी माग.
लोभाचं यादी आल्यावर बघू.
ताई

अंधेरी, १३ जानेवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि. कपाट उपसलं, यादी नाही. त्या वर्षी अहवालाला यादीऐवजी बातमीचं कात्रण जोडलं होतं, फोटो छान आला होता ना. आता मी तरी काय करू? अंक गुरुवारी छापायला जातो, ओळी तेवढ्या पाठव.
रागातही लोभ असू दे.
कुंडलिक

मुलुंड, १५ जानेवारी
चि. कुंडलिकास, अ. आ.
ऋतिकाचं काम झालं. त्या सामन्यात गुण लिहायला बसलेले दशरथकाका घाटकोपरला राहतात. त्यांनी गुणपत्रक जपून ठेवलं होतं, त्यावरून आयोजकांनी दाखला दिला. कागद हातात धरून पोरगी रडली, आणि मला तुझी आणखीच चीड आली.
सत्काराला मी येणार नाही. लोभ आहे तेवढा पुरे. तुझ्या दोन ओळी मात्र घे, कापू नकोस:
‘त्या सामन्याच्या कागदावर बाराही मुलींची नावं आहेत.
कुंडलिकचं कुठेच नाही.’
ताई