दुसरी गाठ

साखरखेर्डा,
ता. ११ मार्च १९३६

प्रिय शकूर यास निवृत्तीचा सलाम.

इकडे सर्व ठीक. होळी झाली. त्याआधी ईद झाली. तू येशील म्हणून शाहजादीचाची दोन दिवस दारात बसून होत्या. खामगावच्या कापसाच्या जिनात सुट्टी मिळाली नसेल, असे मी त्यांना सांगितले. आमची शाळा आता सकाळची भरते. पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून रस्ता बघत बसतो.

धावण्याचे कळवतो. दसऱ्यानंतर अकोल्याला तिसरा आलो, नागपूरला सातवा. नागपूरचे मैदान सपाट आणि माझे पाय घाटाचे. शेवटच्या दोन मैलांत पुढे कोणाची तरी पाठ दिसावी असे वाटत राहिले. ओळखीची. रंगराव ड्रिलमास्तर म्हणतात, पुढच्या वर्षी दहा मैल तासाच्या आत काढलेस तर प्रांताच्या संघात नाव लागेल. मी हो म्हटले. पहाटे उठतो, वेशीपर्यंत जातो आणि परत येतो.

तू धावणे सोडलेस, असे चाचींकडून कळले.

दसऱ्याची शर्यत तू विसरला नसशील. बुलढाण्याच्या कचेरीपासून घाट उतरायचा, खालच्या नाक्यावर पुंजाजी कोतवालाकडून मनगटाला लाल दोरा बांधून घ्यायचा आणि घाट चढून परत. दोरा नसेल तो बाद. तू माझ्या दोनशे कदम आधी पोचलास आणि तुझे मनगट रिकामे निघाले. पुंजाजीला बोलावले तर तो म्हणाला, "वीस-बावीस हात आले जी. म्या हात बांधले, तोंडं कोन पाह्यते?" पंचांनी कप मला दिला. तू एवढेच म्हणालास, "माहीच गाठ सुटली असन." गावातली पोरे तुला 'अर्ध्या घाटाचा शकूर' म्हणू लागली. महिन्याच्या आत तू खामगाव गाठलेस.

तू गेलास त्या दिवशी चाचींनी मला विचारले, "तू तं त्याच्या मांगंच होता न बा. माहा पोरगा खरंच अर्ध्यातून फिरला काय?"

मी म्हणालो, "मले काही दिसलं नाही, चाची."

मला दिसले होते. तिसऱ्या वळणावर तू हाताने कपाळ पुसलेस तेव्हा दोरा गळून पडला. एक हाक पुरली असती. मी हाक मारली नाही. वाकलो, दोरा उचलला आणि धोतराच्या कनवटीला खोचला. मागून येणाऱ्या कोणाला तो सापडला असता.

हे लिहिण्यासाठी चार कागद फाडले. तरी हे पुरते नाही.

नाक्यावर आपण बरोबर पोचलो होतो. पुंजाजी एकच गाठ मारतो. दुसरी आपण एकमेकांची मारायची, हे तीन वर्षे चालत आले. तू माझी मारलीस, घट्ट. मग हात पुढे केलास. मी दोऱ्याला नुसती बोटे लावली आणि म्हणालो, "झाली." तू बघितलेही नाहीस. वळलास आणि धावू लागलास.

तीन वर्षे तू पहिला आणि मी दुसरा. याहून वेगळे कारण मला सापडत नाही.

गेल्या आठवड्यात रंगरावांना सांगितले. ते हसले. "आता काऊन उकरून राह्यला बे? कप तुह्या घरात, नाव बुकात. गुमान धाव." कप घेईनात, म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

आज सकाळी चाचींकडे गेलो. त्या ज्वारी पाखडत होत्या. मी सगळे सांगितले. सूप थांबले नाही. सुपातले सगळे पाखडून झाल्यावर म्हणाल्या, "मले काऊन सांगतं? त्याले लिव्ह." दर वेळी चहा विचारतात. आज विचारला नाही.

पाडव्याला कचेरीसमोर पुढच्या हंगामाची नावे लिहून घेतात. त्या दिवशी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. माझे नाव कटेल, कटू दे. तुझे लिहायला सांगेन. तू यावेस असे म्हणण्याचा हक्क मला नाही. माफीही मागत नाही; ती मागितली की देण्याचे ओझे तुझ्यावर येईल. मात्र धावणे सोडू नकोस. सोडायचेच तर स्वतःच्या मनाने सोड, माझ्या बोटांमुळे नको.

दोरा सोबत पाठवत आहे. पुंजाजीच्या गाठीचा पीळ त्याच्यावर अजून दिसतो. दुसऱ्या गाठीची खूण शोधू नकोस.

तुझ्या मागे, दोनशे कदमांवर,
निवृत्ती