बेटावरच्या घराची भिंत

पुसेगाव, १८ जानेवारी २००१, संध्याकाळ

सुटले बाई! डी.एड.चा पहिला सराव पाठ आज झाला. विषय होता समुद्रातल्या बेटावरची जुनी घरं. तिथं वादळं फार, म्हणून घरं ठेंगणी, भोवती दाट झाडं आणि प्रवाळाच्या दगडांची भिंत.

चित्र मी घाईत पुस्तकात बघून काढलेलं. आबांना वाचता येत नाही, पण सकाळी चित्र बघून म्हणाले, "वारं एवढं म्हणतीस, मग भिंत गुडघ्याएवढी काहून? आपण कडब्याची गंजी असल्या भिंतीआड लावतो का?"

पुस्तक उघडलं. भिंत खरंच छपराच्या कडेपर्यंत होती. मी आपल्या परड्याची भिंत काढून बसले होते! तशीच शिकवली असती तर? लेकरांनी तीच खरी धरली असती.

खोडून भिंत उंच केली. वर्गात गंजीचं उदाहरण दिलं, पोरांना लगेच कळलं. पाठ बघायला आलेल्या मॅडमनी विचारलं, "हे कुठं वाचलंस?"

मी खरं सांगितलं, "वाचलं नाही. वडिलांनी सांगितलं."

त्यांनी शेरा दिला, उत्तम. पण तो माझा, का आबांचा? घरी येऊन त्यांनाच विचारलं.

"तुझाच, पोरी. आता उंच भिंत पाहिजे म्हणून परड्याची माझी भिंत तेवढी पाडू नको."