विमानाचे जुने कापड माझ्यावर घाला

मी, कुसुमावती धोंडबा धकाते, वय ७९, राहणार धरमपेठ, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके शाबूत आहे, झोप तेवढी उडाली आहे.

१. घर व बँकेतली शिल्लक पुतण्या भूपेश याला. म्हातारपणी त्यानेच पाहिले, हे नाकबूल करणार नाही.

२. कळमेश्वरच्या शेडमधले दोन आसनी विमान मात्र त्याला नाही. ते मी आखले, मी बांधले. पंखांवरचे कापड माझ्या आईने, अंजनाबाईने, उमरेडला मागावर विणले. माझा वैमानिक मित्र जितेंद्र याने ते उडवले आणि नीट उतरवले. तरी उड्डाणाच्या परवान्याचा अर्ज तपासणाऱ्या साहेबाने "कोष्ट्याच्या लुगड्याचं विमान" म्हणून हसत फाईल परत केली. त्याला मी माफ केलेले नाही. मेल्यावरही करणार नाही.

भूपेश लग्नांसाठी भाड्याने लॉन देतो, तिथे त्याला ते टांगायचे आहे. "आत्या, नवरदेव विमानातूनच उतरन न वं! मस्त रील बनते." मी म्हटले, "काहून गा? माझं विमान का वरातीचं घोडं होय?" तेव्हापासून रुसला आहे. रुसू दे.

३. विमान भूपेशची मुलगी वैभवी हिला. ती विमान चालवायला शिकली आहे, तिला हे उडवायचे आहे, आणि मला तिचीच भीती वाटते. पोरगी भारी उतावळी. माझी आई विणलेल्या कापडावर टिचकी मारून कान द्यायची. ताणलेले चांगले कापड ठणकन वाजते. गेल्या महिन्यात मी पंखावर टिचकी मारली, तर बद्द आवाज आला. कापड कुजले आहे. वैभवीला सांगितले तर म्हणते, "आजी, एक चक्कर तर मारून पाहू दे न!"

४. आईने विणलेले दोन ताके पेटीत कोरे आहेत. ते माझ्या प्रेतावर घालायला म्हणून भूपेशने बाजूला काढून ठेवलेत. खबरदार! ते वैभवीचे. जितेंद्रने व जाणत्या इंजिनिअरने तपासून होकार दिला, तरच ते पंखांवर चढतील.

५. मला उचलण्याआधी जितेंद्रने शेड उघडून दोन्ही पंखांवरचे जुने कापड सोलून काढावे. तेच माझ्यावर घालावे व माझ्यासोबत जाळावे. त्यावर रोगण आहे, रॉकेल लागणार नाही. मग उघड्या पंखांवर भूपेशला रोषणाई करता येणार नाही, आणि माझ्या वैभवीला घाई करता येणार नाही.

सही : कुसुमावती धकाते
नागपूर, १४ नोव्हेंबर २०२४

ताईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. कामिनी पराते, शेजारी
२. जितेंद्र नंदनवार. शेडची किल्ली ताईंनी आजच माझ्या हाती दिली.