ह्यांचं पोर्ट्रेट

शनि., ७ जून
हे पुन्हा गेले. इस्त्रीचा निळा शर्ट, गुळगुळीत दाढी, वर अत्तर. चित्र काढून घ्यायला अत्तर कशाला? कॅनव्हासला वास येतो की काय!

ती हॅरिएट लंडनची. इथे येऊन बोटीवर आयुष्य काढलेल्यांची पोर्ट्रेट्स करतेय म्हणे. अख्ख्या सिंगापुरात हिला सापडले कोण, तर आमचे चीफ इंजिनिअर. ह्यांच्या कामावरच्या, जुरोंग आयलंडच्या बसमधल्या कुणीतरी तिला ह्यांचं नाव सुचवलं. कुणी, ते सांगत नाहीत. आता दर शनिवारी सकाळ तिकडे.

रवि., ८ जून
विचारलं, इतका वेळ करता काय तिथे?
"बसतो."
"नुसते?"
"बोलतो थोडं. ती म्हणते, माणूस बोलला की चेहरा सापडतो."
वा. घरी 'मीठ दे'च्या पलीकडे शब्द फुटत नाही. बोट सोडून किनाऱ्यावर नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं, आता तरी गप्पा होतील. वुडलँड्सच्या ह्या फ्लॅटमध्ये मी एकटीच बडबडते.

मुक्ताला म्हटलं, तुझ्या बाबांचं काहीतरी चाललंय. इअरफोन न काढता, इथल्या पोरांच्या थाटात, "आई, शी'ज सो ओल्ड लाह." हिला तिशीपुढचं सगळं ओल्डच.
म्हणजे लेकीला दाखवून झालंय. मलाच नाही!

शनि., १४ जून
ह्यांचा चष्मा घरी राहिला. (राहिला कसला, मीच बॅगेतून काढला.) तो द्यायच्या निमित्ताने MRT मेट्रो पकडून थेट स्टुडिओत. दार अर्धवट उघडं. बाई दिसेना, आतून नुसता आवाज, इंग्रजीत: "आहो, हनुवटी जरा वर."

अहो!!

माझ्या नवऱ्याला. आणि हे निमूट हनुवटी वर करून बसलेले.
चष्मा दारातल्या स्टुलावर ठेवला, आले परत. अंगाची नुसती आग आग.

सोम., १६ जून
अबोला धरला, तर ह्यांच्या लक्षात येईल तर शपथ. शेवटी मीच तोंड उघडलं. ती तुम्हाला अहो कशी म्हणते?
आधी काही कळेचना. मग हसता हसता ठसका. "अगं, तिने विचारलं, घरी बायको काय हाक मारते? मी खरं ते सांगितलं. तिला वाटलं, ते नावच. चित्राखालीही तेच लिहिणार आहे."
मुक्ता सोफ्यावर लोळून हसली. मीही. पण जरा वेळच. खरं ते सांगितलं म्हणे. मग आणखी काय काय खरं सांगून झालंय तिला?

शनि., २१ जून
चित्र पुरं झालं, मलाही बोलावलं होतं. हॅरिएट सत्तरीची, गुडघ्याला पट्टा, नखांत रंग. जीव भांड्यात पडला.

मग चित्राकडे बघितलं. चेहरा हुबेहूब. डोळे मात्र लाल, पापण्या जड. नुकतंच रडून थांबलेला माणूस. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हे रडलेले मी पाहिले नाहीत.
हे खाली टॅक्सी बघायला गेले, तेव्हा विचारलं तिला.
"त्या दिवशी बोटीवरच्या त्या माणसाबद्दल बोलत होते," म्हणाली. "तुम्हाला माहीत असेलच."
हो म्हणाले. 'नाही' म्हणायची लाज वाटली.
कुठला माणूस?

रवि., २२ जून
ती तरुण, देखणी असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडू? माझ्या नवऱ्याला माझ्याआधी रडवलंस म्हणून?

जेवणं झाल्यावर विचारलं, चित्रात डोळे असे का?
"एसी फार होता तिथे."
"आणि बोटीवरचा तो माणूस?"
ह्यांनी टीव्ही बंद केला. मुक्ताला खाली ब्रेड आणायला पाठवलं. ब्रेड घरात आहे. मग खुर्ची ओढून समोर बसले. मी ही वही पुढ्यात घेतली.
"लिहू नकोस," म्हणताहेत. "ऐक नुसतं."